काळ्या मातीत १० मेगावॅट: एआयचं डेटा सेंटर विदर्भात बांधायचं तर

धुरकरी
चर्चेसाठी एक गृहीत उदाहरण मांडतो. विदर्भातलं एखादं तालुक्याचं गाव, २५ एकर काळी जमीन, चार किलोमीटरवर १३२ केव्हीचं सबस्टेशन, पाण्यासाठी बोअर आणि एक लघुप्रकल्प. तिथं एआय मॉडेल शिकवण्यासाठी १० मेगावॅटचं डेटा सेंटर उभं करायचं. हे १० मेगावॅट फक्त संगणकांचे, थंडावा वेगळा. मुंबई-ऐरोलीच्या डेटा सेंटरचा नकाशा उचलून इथं ठेवला तर काय काय चुकेल, ते ज्याला ज्यातलं कळतं त्याने लिहावं. 'रोजगार येईल' आणि 'पाणी पळवतील' या दोन्ही घोषणा कृपया बाजूला ठेवा. आकडे द्या.

झिरो माइल
आधी रॅक, म्हणजे संगणकांचं कपाट, समजून घेऊ, बाकी इमारत त्याच्यामागे येते.

जुन्या पद्धतीच्या रॅकला ५ ते १० किलोवॅट लागायचे. एनव्हिडियाच्या जीबी२०० एनव्हीएल७२ रॅकला १२० किलोवॅटच्या आसपास लागतात. एका रॅकमध्ये ७२ जीपीयू (एआयचं गणित करणाऱ्या चिप), ३६ सीपीयू, वजन सुमारे १,३६० किलो. एवढं सगळं एकाच कपाटात का कोंबलं? जागा वाचावी म्हणून नाही. हे ७२ जीपीयू एकमेकांशी ज्या वेगाने बोलतात त्या वेगाला तांब्याची तार एक-दोन मीटरच साथ देते. अंतर वाढलं की प्रकाशतंतू घ्यावा लागतो, आणि प्रत्येक टोकाला विजेच्या संकेताचा प्रकाश करणाऱ्या मॉड्यूलला वेगळी वीज लागते. म्हणून पाच हजारांवर तांब्याच्या केबली पाठीमागे लावून सगळे जीपीयू तारेच्या टप्प्यात बसवले. तार आखूड, म्हणून दाटी. दाटी, म्हणून उष्णता. आणि ती उष्णता हवेने निघत नाही, म्हणून पाणी.

हवेने का निघत नाही? हवा १२ अंशांनी तापू दिली तर १ किलोवॅटला ताशी साधारण २५० घनमीटर हवा लागते. १२० किलोवॅटला ३०,००० घनमीटर, तेही एका कपाटातून. पंख्यांचाच आवाज आणि वीज परवडत नाही. तेच पाणी १० अंशांनी तापू दिलं तर मिनिटाला किलोवॅटमागे दीड लिटरच्या आत काम होतं.

पण 'लिक्विड कूलिंग घेतलं, एसी गेला' असं कोणी समजू नये. साधारण ८५ टक्के उष्णता पाण्यात जाते. उरलेले १५ टक्के, म्हणजे रॅकमागे १८ किलोवॅट, हवेतच राहतात. हे उरलेलंच जुन्या अख्ख्या रॅकपेक्षा जास्त आहे.

१० मेगावॅटमधून नेटवर्क आणि स्टोरेजचा वाटा काढला तर असे ७० रॅक बसतील, म्हणजे पाच हजार जीपीयू. मधल्या वाटा धरून ३००-४०० चौरस मीटरचा हॉल पुरतो. तालुक्याच्या मंगल कार्यालयात मावेल एवढंच. २५ एकरातलं बाकीचं अंगण थंडाव्याचं आणि विजेचं.

वाळ्याची ताटी
अंगणाचं मी सांगतो. पहिला गैरसमज हा की विदर्भात ऊन फार, म्हणून इथं डेटा सेंटर चालणार नाही. नागपूरला २०१३च्या मे महिन्यात ४७.९ अंश नोंदले गेले हे खरं. पण बाष्पीभवनाने थंड करणाऱ्या यंत्राला, म्हणजे कूलिंग टॉवरला, साधं तापमान कळत नाही, त्याला वेट बल्ब कळतं, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेल्या तापमापकाचा आकडा. मे महिन्यात दुपारी ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर वेट बल्ब २४ अंश येतं. जुलैत ३० अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर ते २८च्या जवळ जातं. म्हणजे कूलिंग टॉवरचा खरा वाईट महिना जुलै आहे, मे नाही. ज्याच्या घरी कूलर आहे त्याला हे पुस्तकाशिवाय माहीत आहे: मे महिन्यात गोधडी काढावी लागते आणि पहिला पाऊस पडला की तोच कूलर नुसता चिकचिक करतो.

पऱ्हाटी
हे समजलं जी. पण त्या टॉवरले पाणी किती लागते थे सांगा ना. आमच्याकडे मे महिन्यात टँकर येते.

वाळ्याची ताटी
हिशेब सोपा आहे, पऱ्हाटी भाऊ. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला ३० अंशांच्या आसपास २.४३ मेगाज्यूल लागतात. एक युनिट वीज म्हणजे ३.६ मेगाज्यूल. तर एका युनिटची उष्णता वाफेने घालवायला दीड लिटर पाणी उडतं. वाफ जाते पण क्षार मागे राहतात, म्हणून टॉवरचं थोडं पाणी सतत सोडून द्यावं लागतं. क्षार मूळ पाण्याच्या चौपट होईपर्यंत थांबलात तर उडालेल्याच्या एक तृतीयांश पाणी असं जातं. एकूण झाले युनिटमागे २ लिटर.

१० मेगावॅट गुणिले २४ तास म्हणजे २ लाख ४० हजार युनिट. रोजचं पावणेपाच लाख लिटर. दहा हजारी टँकर धरा, सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस. वर्षाचं १७ कोटी लिटरच्या वर. हा ढोबळ आकडा पूर्ण भार धरून आहे, पण एआय शिकवणारी यंत्रं खरंच रात्रंदिवस जवळजवळ पूर्ण भारावर असतात.

खारपाणपट्टा
चौपट कुठलं पाणी धरून? पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी मुळातच खारं आहे. तिथं दुपटीवरच थांबावं लागेल, आणि दुपटीला सोडायचं पाणी उडालेल्याएवढंच होतं. मग युनिटमागे २ नाही, ३ लिटर. आरओ लावला तर आरओचा निचरा आणखी वेगळा. हा खारा निचरा नाल्यात सोडला की खालच्या शेताची काळी माती चोपण, म्हणजे क्षाराने घट्ट आणि नापीक, होते, आणि चोपण झालेली जमीन एका पावसाळ्यात सुधारत नाही. निचरा आटवून कोरडं मीठ काढायचं यंत्र बसवता येतं, पण ते वीज खातं आणि त्या मिठाचं काय करायचं हा प्रश्न राहतोच.

शिवाय उष्णताबदलाच्या प्लेटांमधली फट दोन-तीन मिलिमीटरची. कठीण पाण्याचा पांढरा थर बसला की पंपाचा दाब वाढतो, प्रवाह घटतो आणि दोष चिपच्या माथी येतो. गावातल्या गिझरची कॉइल उघडून पाहिली की हा थर दिसतो.

वाळ्याची ताटी
मान्य. म्हणूनच इथं उघडा टॉवर नको असं माझं मत. पर्याय ड्राय कूलर: मोटारीच्या रेडिएटरसारखी मोठी जाळी, आत बंद पाणी, बाहेर पंखे. पाणी उडतच नाही.

प्रश्न एवढाच की तो बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. साखळी उलटी मोजा. चिपवर बसवलेल्या तांब्याच्या पोकळ पट्टीत जाणारं द्रव ४५ अंशांपर्यंत चालणार असेल, तर मधल्या उष्णताबदल यंत्रात ४ अंश जातात, म्हणजे अंगणातून ४१ अंशांचं पाणी यायला हवं. ड्राय कूलरला हवेपेक्षा ७ अंश जास्त लागतात. तर बाहेर ३४ अंश असेपर्यंत पाण्याचा थेंबही न उडवता काम चालतं. पावसाळ्यात जिथं टॉवर दमतो तिथं हा आरामात चालतो, कारण तेव्हा बाहेर ३० असतात. हिवाळ्याचा तर प्रश्नच नाही.

मार्च ते जूनच्या दुपारी ३४ ओलांडतात. तेव्हा जाळीपुढे ओल्या पॅडची भिंत लावायची. ४६ अंशांची हवा ८० टक्के क्षमतेच्या पॅडमधून २८-२९वर येते. गरज ३४चीच आहे, म्हणून पॅड पूर्ण भिजवू नये, टप्प्याटप्प्याने भिजवावेत. इथंच बहुतेक जण फसतात: नियंत्रण चालू-बंद एवढंच ठेवतात आणि पाणी दुप्पट जातं.

आता विकणारे जे सांगत नाहीत ते. मे महिन्याच्या दुपारी हे पॅड टॉवरएवढंच पाणी पितात. हवा १२ अंशांनी थंड करायची आणि जाळीतून जाताना ती १२ अंशांनी तापायची, तर उडणारं पाणी तितकंच. बचत तासांमध्ये आहे, त्या तासात नाही. वर्षाची सरासरी देखणी दिसते आणि विहिरी आटलेल्या असतात तेव्हाच मागणी शिखरावर असते.

धुरकरी
मग साठवण?

वाळ्याची ताटी
हो, आणि ती आपल्या ओळखीची आहे. १०० दिवस, रोज १० तास, सरासरी निम्मी गरज, म्हणजे युनिटमागे पाऊण लिटर. १०,००० किलोवॅट गुणिले १,००० तास गुणिले ०.७५, झाले ७५ लाख लिटर. पॅडचा निचरा धरून एक कोटी, म्हणजे १०,००० घनमीटर. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या शेततळ्यात उतार सोडून साधारण २,००० घनमीटर मावतात. पाच शेततळी. टॉवरच्या पावणेदोन लाख घनमीटरपुढे हे काहीच नाही. छपराचं आणि आवाराचं पावसाचं पाणी त्यात घ्यायचं. ते क्षारात हलकं असतं, म्हणजे खारपाणपट्ट्याचाही प्रश्न बराच सुटतो. मात्र तळं झाकलेलं हवं. उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी वाफेनेच रोज सेंटीमीटरभर खाली जाते.

हवेत राहिलेल्या दीड मेगावॅटसाठी कॉम्प्रेसरवाला चिलर लागेलच. तो ३५ किंवा ४० अंशांच्या कागदावरून घेऊ नका. ४८ अंशांना तो किती टन थंडावा देतो ते लिहून घ्या, नाहीतर ऐन दुपारी हाय-प्रेशरवर ट्रिप होईल.

डीपीचा फ्यूज
विजेचं. एकूण भार धरा साडेबारा मेगावॅट. सबस्टेशनहून ३३ केव्हीचे दोन एक्स्प्रेस फीडर (मध्ये कोणालाही जोडणी नसलेल्या थेट लाइनी), सबस्टेशनमधल्या वेगवेगळ्या बसवरून, म्हणजे वीजवाटपाच्या पट्टीवरून, आणि खांबांची रांगही वेगळी. दोन्ही एकाच खांबावर टांगले तर जूनच्या पहिल्या वादळात एकाच बाभळीने दोन्ही जातात. २.५ एमव्हीएचे सहा ट्रान्सफॉर्मर, सातवा राखीव.

रॅकला ४१५ व्होल्टवर १७५ अॅम्पिअर लागतात. रॅकच्या आत ५४ व्होल्ट डीसीच्या पट्टीवर हेच सव्वादोन हजार अॅम्पिअर होतात. रॅक १ मेगावॅटचा झाला तर ५४ व्होल्टवर साडेअठरा हजार अॅम्पिअर, म्हणजे कपाटात तांब्याशिवाय काही मावणार नाही. म्हणून एनव्हिडियाने २०२५ मध्ये ८०० व्होल्ट डीसीची रचना पुढे आणली, त्यावर तेच काम १,२५० अॅम्पिअरमध्ये होतं.

पण एआयच्या भाराचा खरा त्रास त्याच्या आकाराचा नाही, चालीचा आहे. हजारो जीपीयू एकाच तालात गणित करतात, मग एकाच तालात थांबून एकमेकांना आकडे देतात. गणित करताना पूर्ण भार, देवाणघेवाण करताना एकदम कमी, आणि हे पुन्हा पुन्हा, सेकंदांच्या अंतराने. मेटाने आपलं लामा ३ हे भाषा मॉडेल शिकवताना १६,३८४ एच१०० जीपीयू वापरले. त्यांच्या २०२४च्या अहवालात दहा-दहा मेगावॅटच्या पटीतले चढउतार नोंदले आहेत. ग्रामीण ग्रिडच्या टोकाला हे झालं तर शेजारच्या गावठाण फीडरवर बल्ब लुकलुकतील आणि तक्रार महावितरणकडे जाईल. उपाय तीन थरांत आहेत: वीजपुरवठा युनिटमधले कपॅसिटर, आवारातली बॅटरी, आणि सॉफ्टवेअरमधून भार हळू चढवणं-उतरवणं. बॅटरी यासाठी वापरायची तर लिथियम हवी. शिसं-आम्लाची बॅटरी अशा सततच्या चढउताराला लवकर मरते, आणि २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना तिचं आयुष्य निम्मं होतं ते वेगळंच.

थंडाव्याचे पंप यूपीएसवरच घ्या. जुन्या डेटा सेंटरमध्ये एसी जनरेटर येईपर्यंत बंद राहिला तरी हॉलमधली हवा काही मिनिटं सांभाळून न्यायची. इथं प्रवाह थांबला की पट्टीतलं द्रव काही सेकंदांत उकळीकडे जातं आणि चिप स्वतःला बंद करते. जनरेटर यायला दहा-पंधरा सेकंद लागतात. तेवढे सेकंद तुमच्याकडे नाहीत.

डिझेल: युनिटमागे पाव लिटर, म्हणजे ताशी ३,१०० लिटर, दिवसाला ७५,००० लिटर. २,५०० लिटरच्या वर साठा गेला की पेसोचा, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेचा, परवाना. पेसोचं मुख्यालय नागपुरातच आहे, एवढी सोय.

झिरो माइल
एक मतभेद. एवढं डिझेल कशाला? बँकेचं सेंटर बंद पडून चालत नाही, मॉडेल शिकवणारं चालतं. त्याच लामा ३च्या कामात ५४ दिवसांत ४१९ वेळा अनपेक्षित खंड पडला, म्हणजे दर तीन तासांनी एक. तरी काम झालं, कारण मधली स्थिती साठवून ठेवतात आणि तिथून पुढे सुरू करतात. जीपीयूच्या रांगांना स्थिती साठवण्यापुरती पाच-दहा मिनिटांची बॅटरी द्या. जनरेटर फक्त नेटवर्क, स्टोरेज आणि पंपांसाठी.

डीपीचा फ्यूज
शिकवण्यापुरतं बरोबर. पण दोन वर्षांनी तीच यंत्रं लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देण्याच्या कामाला लागतात, तेव्हा खंड चालत नाही. जनरेटर आज घेऊ नका हवं तर, पण पाया, केबलचे चर आणि पॅनेलमधली जागा आज ठेवा. नंतर काळी माती खोदून केबल टाकणं काय असतं ते मुरूम-गिट्टी सांगतील.

मुरूम-गिट्टी
सांगतो. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ही हालचाल वरच्या तीन-साडेतीन मीटरमध्ये असते. कॉलम अंडर-रीम्ड पाइलवर, म्हणजे तळाशी फुगवलेल्या खोल खांबावर घ्या, फुगा हालचालीच्या थराखाली. हॉलची जमीन मात्र नुसत्या भरावावर टाकू नका. माती काढून न फुगणारा मुरूम २०-२५ सेंटीमीटरच्या थरांत रोलरने दाबून भरा, किमान मीटरभर, त्यावर स्लॅब.

१,३६० किलो ०.६ बाय १.२ मीटरवर म्हणजे चौरस मीटरला १,९०० किलो. ऑफिसच्या मजल्याच्या काही पट. मुंबईत जागा नाही म्हणून मजले चढवतात, इथं ते कारण नाही. एकच मजला ठेवा. उंच खोटी फरशीही नको, कारण हवा खालून द्यायची नाही. पाइप आणि बसवे (वीज नेणाऱ्या बंदिस्त पट्ट्या) वरून आणा. द्रवाचे पाइप मात्र विजेच्या बसवेच्या थेट वर नकोत, बाजूला, आणि प्रत्येक जोडाखाली पन्हळ आणि गळती ओळखणारी दोरी.

सर्वांत मोठी चूक: शेततळं इमारतीला खेटून. पाझर पायाखाली गेला की एका बाजूची माती फुगते, स्लॅब तिरका होतो आणि रॅकच्या मागच्या जोडण्यांवर ताण येतो. ५०० मायक्रॉनचा कागद अंथरा आणि तळं लांब, उताराच्या खालच्या अंगाला ठेवा. पाण्याच्या लाइनी जमिनीत गाडू नका, पेडेस्टलवर उघड्या न्या. गळती दिसली पाहिजे.

अर्थिंगचा खड्डा जानेवारीत मोजून 'पास' म्हणू नका. मे महिन्यात माती वाळून भेगाळली की रोध वाढतो. तेव्हा मोजा.

पऱ्हाटी
आन कापूस? जिनिंग सुरू झालं की आमच्याकडे हवेत रुई उडते. थे ड्राय कूलरच्या जाळीत नाई बसत काय?

वाळ्याची ताटी
बसतेच. नोव्हेंबर ते फेब्रुवारी रुई आणि धूळ मिळून जाळीवर नमद्यासारखा थर होतो. बाहेरून काढता येणारी बारीक जाळी लावा आणि हंगामात दर आठवड्याला हवेने आतून बाहेर फुंका. पाण्याच्या जोराने बाहेरून मारलं तर रुई आत घुसते आणि जाळीचे पातळ पत्रेही वाकतात. हे न केल्याचं फळ मार्चमध्ये दिसतं: बाहेर ३४ नसतानाही पॅड सुरू होतात.

चंद्रपूर, कोराडीसारख्या औष्णिक केंद्रांच्या आसपास आणखी एक तपासणी हवी. तांब्याची आणि चांदीची पट्टी महिनाभर हॉलमध्ये ठेवून गंज मोजतात. तांब्यावर महिन्याला ३०० अँगस्ट्रॉमच्या आत आणि चांदीवर २००च्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर ताज्या हवेला कार्बनचा रासायनिक फिल्टर.

चिपकडच्या बंद वर्तुळात साधं पाणी कधी घालू नका. तिथं २५ टक्के प्रोपिलीन ग्लायकॉल. ते पातळ झालं की त्याच ग्लायकॉलवर जिवाणू वाढतात आणि केसाएवढ्या वाहिन्या बुजतात. तांब्याच्या पट्टीबरोबर अॅल्युमिनियमचा एकही जोड नको. आणि पहिल्यांदा भरण्याआधी पाइपातला वेल्डिंगचा किस धुऊन काढा. सुरुवातीच्या बहुतेक तक्रारी तिथल्याच.

शेवटचा खांब
नेटवर्कचं थोडक्यात. बाहेरचं सोपं आहे: प्रकाशाला तंतूत किलोमीटरला ५ मायक्रोसेकंद लागतात. मुंबईपर्यंत वळणं धरून हजार किलोमीटर केबल झाली तरी जाऊन-येऊन १० मिलिसेकंद. मॉडेल शिकवायला याने काही फरक पडत नाही. चंद्रपूर-पडघे ही १,५०० मेगावॅटची डीसी लाइन १९९९ पासून ७५२ किलोमीटर वीज मुंबईकडे नेते आहे. त्याऐवजी आकडे नेणं स्वस्त. फक्त दोन मार्ग खरोखर वेगळे हवेत, एक रेल्वेच्या कडेचा आणि एक पारेषणच्या टॉवरवरचा. दोन्ही रस्त्याच्या कडेचे घेतले तर एकच जेसीबी दोन्ही तोडतो.

आतलं कठीण आहे. ६४ पोर्टच्या स्विचने दोन थरांत २,०४८ जीपीयूच बिनअडथळा जोडता येतात. पाच हजारांना तिसरा थर आला. म्हणजे पंधरा हजारांच्या घरात जोडण्या, आणि तंतू वापरला तिथं दोन्ही टोकांना मॉड्यूल. यातली एक मळकी निघाली की लिंक चालू-बंद होते आणि सगळे जीपीयू त्या एकासाठी थांबतात. टोकाची टोपी काढली की पुसायचं, सूक्ष्मदर्शकात पाहायचं, मगच लावायचं. नवं कोरं असलं तरी. आपल्या धुळीत हा नियम मोडून चालणार नाही.

धुरकरी
ग्रामपंचायतीने करारात नेमकं काय लिहून घ्यावं?

खारपाणपट्टा
वर्षाची सरासरी नको. १५ एप्रिल ते १५ जून या काळातल्या सर्वांत वाईट दिवसाचे लिटर, ते कुठून घेणार, आणि निचऱ्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) किती व तो कुठे जाणार. मीटर पाणी आत येण्याच्या जागी आणि निचऱ्याच्या जागी, दोन्हीकडे. दोन्हींचं वाचन महिन्याला पंचायतीच्या फलकावर.

पऱ्हाटी
आन तळं भराचं असन त पावसाळ्यातच भरा म्हणाव. हेही लिहून घेजा.

डीपीचा फ्यूज
एक्स्प्रेस फीडर कृषी फीडरच्या ट्रान्सफॉर्मरवरून काढणार नाही, हेही. सबस्टेशनला नवा ट्रान्सफॉर्मर कंपनीच्या खर्चाने, आणि तो चार्ज झाल्यावरच भार.